अकरा वेळा नाकारलेला फोन

तुमचा विश्वास बसो वा न बसो, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मोठ्या भावाच्या बाबतीत घडलंय. दादाने मला ते एकदाच सांगितलं. तेही नजरेला नजर न देता.

दादा मोबाइल कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये कामाला होता. सातवा मजला, एकही खिडकी नाही, भिंतभर स्क्रीन. कुठल्या टॉवरवर किती भार आहे, ते बघत बसायचं.

टॉवरची जागा मोजकीच असते. फोनवरचं बोलणं आणि व्हिडिओ, दोघांनी त्यातच मावायचं. व्हिडिओ अधाशी. मिळेल तेवढं गिळतो. म्हणून थोडी जागा फक्त बोलण्यासाठी राखून ठेवतात.

त्या रविवारी अंतिम सामना होता. दुपारी चारच्या सुमारास तक्रारींनी नुसता उच्छाद मांडला. व्हिडिओ अडकतोय!

दादाने कुणालाही न विचारता एका टॉवरची राखीव जागा व्हिडिओला देऊन टाकली.

तक्रारी थांबल्या. साहेबांनी पाठ थोपटली.

त्याच टॉवरच्या भागात आमची मावशी एकटी राहायची. आई नोकरीसाठी परगावी असताना दादाला तिनेच लहानाचं मोठं केलं होतं.

त्याच दुपारी मावशी बाथरूममध्ये पडली. संध्याकाळी शेजारणीने दार उघडवलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

मोबाइल तिच्या हातातच होता...

दुसऱ्या दिवशी दादाने तिच्या नंबरच्या नोंदी काढल्या. चार वाजून सात मिनिटांपासून अकरा कॉल. अकराही दादालाच. प्रत्येकापुढे एकच शेरा.

'जागा नाही.'

दादाने राखीव जागा गुपचूप होती तशी करून ठेवली. घरी एका शब्दाने बोलला नाही.

महिना उलटला. एका दुपारी शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "काय रे, हा टॉवर तर रिकामा पडलाय. मग कॉल का नाकारतोय?"

दादाने वर घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून सात मिनिटं.

"आणि हे बघ... कुणीतरी तुझाच नंबर लावतंय!"

"चाचणी चालू आहे," दादा म्हणाला. बोलताना त्याचे कान तापले.

नंबर मावशीचा होता. तो बंद करून तीन आठवडे झाले होते. तिचा मोबाइल दादाच्या कपाटात होता. बॅटरी काढलेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज अकरा कॉल. दादाने त्या टॉवरची सगळीच्या सगळी जागा बोलण्यासाठी मोकळी करून पाहिली.

तरीही... 'जागा नाही.'

दहाव्या दिवशी अकरा कॉल झाले. दादाने सुस्कारा सोडला.

आणि बारावा आला.

खोलीतली यंत्रांची घरघर एकदम थांबली. कानात दडे बसावेत तशी शांतता. त्या शांततेत दादाचा खिसा थरथरला...

फोनवर नाव होतं, 'मावशी'.

रिंग वाजत राहिली. तीनदा. चारदा.

"अरे, उचल की!" मॅडम म्हणाल्या.

दादाने फोन कापला.

"उचलून कुठल्या तोंडाने बोलणार होतो गं?" हे मला सांगताना तो लहान मुलासारखा रडला.

फोन बंद करून त्याने टेबलावर ठेवला आणि नोंद पाहिली. कॉल कापल्याचा शेरा कुठेच नव्हता. तिथे लिहिलं होतं... 'कॉल लागला. बोलणं चालू.'

एकोणीस मिनिटं ते बोलणं चालू होतं.

दादाचा फोन तर समोर बंद करून ठेवलेला. मग तिच्याशी बोललं कोण?

त्यानंतर त्या नंबरवरून एकही कॉल आला नाही. दादाने ती नोकरी सोडली. साहेबांना खरं कारण सांगून सोडली. पण आईला मात्र त्याने अजून सांगितलेलं नाही. मीही नाही.

आई परवाच म्हणाली, "तिचा फोन तुला लागला असता ना, तर हातातलं टाकून धावला असतास तू."

दादा मान खाली घालून म्हणाला, "हो."