टाइमआउट आमचा, रोबोट त्याचा

मी रिमोट उजवीकडे दाबला आणि पलीकडच्या टेबलावरून कुणाचा तरी रोबोट धाडकन खाली पडला.

"अवो मॅडम, जीव घेताय व्हय त्याचा?" रोबोट उराशी धरून एक उंच, सावळा मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत राग शोधला... सापडलाच नाही.

"मी कशाला? हा रिमोट माझ्या रोबोटचा आहे!"

"मग परत दाबा की."

दाबला. दोन्ही रोबोट एकदमच वळले. मी मान खाली घातली.

आमच्या सीनियरनं आणि या पठ्ठ्यानं एकाच व्हिडिओतून कोड उतरवला होता, आणि त्यातला रिमोटला रोबोटशी जोडणारा वायरलेसचा पत्ता कुणीच बदलला नव्हता. नियम असा की, ज्या टीमनं नंतर नाव नोंदवलं तिनं पत्ता बदलायचा, नाहीतर स्पर्धेबाहेर. नंतरच्या आम्हीच. आणि सीनियर जाताना बजावून गेला होता, 'चालतंय ना? मग हात लावू नका.' आम्ही इतक्या आज्ञाधारक, की वर्षभर ती फाइल उघडलीच नव्हती.

गेल्या वर्षी रोबोट सॉकरच्या याच स्पर्धेत मी आमच्याच जाळ्यात गोल घातला होता. तरीही आमची कॅप्टन सिद्धेश्वरी हिनं यंदा रिमोट माझ्याच हातात दिला. तिचं शेवटचं वर्ष, शेवटची स्पर्धा. ती पुन्हा माझ्यामुळे जाऊ नये, एवढंच माझं मागणं होतं.

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "ऱ्हाऊ द्या. मी बदलतो."

"तुम्ही का?"

"मला येतंय म्हणून."

त्याचं नाव संघपाल, गाव मोडनिंब. सगळ्या टीम सराव करत होत्या आणि हा जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. मी चहा नेऊन दिला. "साखर जास्त झालीय," तो म्हणाला, आणि कप रिकामा करूनच वर बघितलं. तेव्हा जे हसला ना... मी पायरी चुकले.

सेमीफायनल नेमकी आमची आणि त्यांचीच. एक-एक बरोबरी. चाळीस सेकंद उरले असताना त्याचा रोबोट मैदानाच्या मधोमध थिजला. घाईत बदललेला कोड! चेंडू माझ्यासमोर, जाळं मोकळं. अंगठा मात्र हलेना.

"सिद्धी... तो आपल्यामुळे बंद पडलाय."

"माहितंय मला." तिनं एक मोठा श्वास घेतला. "तू असलं कायतरी म्हणणार, ते पण माहीत होतं." आणि तिनं हात वर केला. "सर, टाइमआउट!"

प्रत्येक टीमला एकच, दोन मिनिटांचा. त्यांचा आधीच वापरून झाला होता. आमचा आम्ही त्याला देऊन टाकला. संघपालनं गुडघ्यावर बसून रोबोट चालू केला, एकदाच माझ्याकडे पाहिलं, आणि शेवटचे नऊ सेकंद उरले असताना गोल मारला.

हरलो. सिद्धीकडे बघायचा धीर होईना. ती बॅटऱ्या पिशवीत भरत होती.

"गेल्या वर्षी घरी जाऊन रडले होते गं, दानू," ती म्हणाली. "आज नुसती भूक लागलीय."

मी तिला मिठीच मारली. असली मैत्रीण मिळायला मी काय पुण्य केलं होतं, देव जाणे.

"पुरे गं. जा, त्याच्याशी बोल. मघापासनं इकडंच बघतोय."

तो दाराशी उभा होता.

"तुमी लई अडचणीत टाकलं मला," तो म्हणाला. "गोल मारावा का न्हाई, तेच कळंना."

"पण मारलात."

"नसता मारला, तर बोलला असता का माझ्याशी?"

"नाही," मी म्हटलं. आणि खरंच, त्यानं मुद्दाम हरून दाखवलं असतं, तर मी त्याचं तोंडही बघितलं नसतं. "थँक यू, संघपाल. सकाळबद्दल... आणि त्या गोलबद्दलही. आणि—मला तुम्ही आवडता."

त्याचे कान लाल झाले. आतून त्याच्या टीमनं दोनदा हाक मारली.

"पाच मिन्टात फायनल हाय. आता मी रोबोट कसा चालवू, सांगा की!"

"नीट चालवा," मी म्हटलं. "मी इथंच उभी आहे."