उलटं चिलखत

"उलटं ओवलंय. उसवा!" दक्ष म्हणाला.

दक्ष म्हणजे आमच्या संग्रहालयाचा तपासनीस यंत्रमानव. आणि हे तो बोलत होता माझ्या वासंती आत्याने वर्षभर खपून घडवलेल्या चिलखताबद्दल! प्राचीन इराणी घोडेस्वाराचं चिलखत होतं ते. लोखंडाच्या छोट्या छोट्या पट्ट्या वादीने (चामड्याच्या दोरीने) एकमेकींना ओवलेल्या. उद्या प्रदर्शन. आज उसवलं, की आत्याची मेहनत मातीत.

"उलटं कशावरून?" मी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"घराची कौलं बघ, अबोली. वरचं कौल खालच्यावर चढतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. इथे खालची पट्टी वरच्या पट्टीवर चढलीय. नियम म्हणजे नियम."

आत्या धातुशास्त्रज्ञ (धातूंचा अभ्यास करणारी) असली तरी भांडणात अगदी कच्ची. ती मुकाट्याने वाद्या सोडवायला बसली. माझं डोकंच फिरलं.

"आत्या, थांब! दक्ष, पाऊस वरून पडतो. भाला कुठून येतो?"

"समोरून."

"घोड्यावर बस, मग सांग."

प्रदर्शनातल्या लाकडी घोड्यावर दक्ष चढला. आत्याने सरावासाठी दोन्ही तऱ्हेचे तुकडे ओवले होते. कौलांसारखा तुकडा मी त्याच्या पोटावर बांधला, खाली उभी राहिले आणि झाडूची काठी वर ढोसली. टोक पट्टीखालच्या फटीत शिरलं, पट्टी उचलली गेली आणि काठी थेट पोटाला लागली.

"अरेच्चा!"

मग दुसरा तुकडा बांधला. काठी पट्ट्यांवरून घसरत वर गेली. खालून शिरायला तिला फटच सापडेना.

"पण वरून वार झाला तर?" दक्षने हेका सोडला नाही.

"तर शिरेल," आत्या म्हणाली. "कुठलंच चिलखत सगळीकडून पक्कं नसतं. पायी लढणारा शत्रू स्वाराच्या खाली असतो, म्हणून फट वरच्या बाजूला. धोका कुठून येतो ते आधी बघायचं, पट्ट्या मग ओवायच्या."

दक्षचे डोळे लुकलुकले. "चंद्रावर जायच्या गाडीची तपासणीही मीच केलीय. तिच्या इंजिनावरची झापडं मी कौलांसारखी लावायला सांगितली आहेत. तिथे पाऊस नाही. धूळ चाकांखालून वर उडते. मी ताबडतोब माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवली पाहिजे!"

"नोंदव," आत्या उभी राहत म्हणाली. "पण आधी खाली उतर आणि माझं चिलखत मुख्य दारासमोर मांड. जसं ओवलंय तसंच!"

आत्याचा आवाज इतका चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला.