पंचफुलाचं नाव

विठ्ठलाची आण घेऊन सांगते, यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

मागच्या चैत्रातली गोष्ट. नंदनवन वस्तीतलं आमचंच घर. रात्र नव्हती… टळटळीत दुपार होती.

कीर्तन म्हणजे माझा जीव; पेटीही येते थोडीफार. आमच्या गल्लीतल्या सप्ताहाचा तक्ता माझी लेक नंदिनी करते. ती कॉम्प्युटरचं जावा शिकलेली. महाराज लोक तारखा सारख्या बदलतात, म्हणून तिनं प्रोग्रामच लिहून ठेवला. चालवला की एक्सेलची फाइल तयार. नावांचा फाँट, जाडी, शेंदरी रंग, सारं कोडमधूनच.

शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला पेटीवर कायम कौसल्याबाई. पेटी त्यांची स्वतःची. दुसऱ्या कोणी नुसतं बोट लावलं तरी फणफणायच्या, "मी मेल्यावर वाजवजा!"

दिवाळीत त्या गेल्या.

पेटी मंडळानं आमच्या आतल्या खोलीत ठेवायला दिली. आणि काल्याचा मान पंचफुलाला, त्यांच्याच शिष्येला. किती वर्षांपासून वाट पाहत होती बिचारी! तक्त्यात नाव पाहायला मुद्दाम घरी आली.

नंदिनीनं प्रोग्राम चालवला.

सगळी नावं उमटली. पंचफुलाची चौकट तेवढी… कोरी.

नंदिनीनं तिथं क्लिक केलं. वरच्या पट्टीत नाव दिसत होतं. चौकटीत मात्र अक्षरं पांढरी झाली होती.

"आई, सगळ्याइले मी एकच फाँट देल्ला. रंग गेला तं साऱ्याइचाच जाईल नं? एकाचाच काहून?"

तिनं त्या चौकटीपुरता वेगळा फाँट केला. काळा. पुन्हा चालवला.

पुन्हा कोरी…

पंचफुला खदखदून हसली. "काय वं बाई, मरूनही जळून राहिली का माह्यावर?"

कूलर बंद पडला.

लाइट होती. पंखा फिरत होता. फक्त कूलर गप्प.

आणि आतल्या खोलीत… पेटीच्या भात्यानं श्वास सोडला.

नंदिनीचा चेहरा उतरला. तिनं पंचफुलाचं नाव खोडून तिथं 'कौसल्या' टाइप केलं.

लगेच उमटलं. काळंभोर, ठळक.

आम्ही शेवटी पंचफुलाचं नाव पेनानं लिहून तक्ता लावला. काल्याला ती पेटीवर बसली. भाता हलला, बोटं फिरली…

सूर नाही.

नुसती हवा.

टाळ वाजत होते, महाराज वळून पाहत होते, अन् ती रडत रडत बोटं फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी पेटी दुरुस्तीला नेली. कारागिरानं बोट ठेवताच खणखणीत वाजली. "हिले काहीच नाही झालं, बाई."

पंचफुला आता पेटीकडे बघतही नाही. यंदा काल्याच्या पेटीला मंडळानं माझं नाव घातलं. देवाची सेवा, नाही कसं म्हणू?

हे लिहिताना नंदिनी समोरच बसली आहे. प्रोग्राम आत्ताच चालवला तिनं.

तिचं क्लिक ऐकू येतं, पुन्हा पुन्हा.

मी अजून मान वर केलेली नाही. कूलरचा आवाज ऐकते आहे…

चालू आहे. अजून तरी.