बारावा घोळ

"ही घोळ आहे, की नुसताच घोळ?" भाईंदरच्या मासळीबाजारात आशानं नाक मुरडून विचारलं.

"घोळ ताजी हाय. बाकीचा घोळ गिऱ्हाइकाच्या डोक्यात!" टोपलीमागचा तरुण हसला.

"बाळाराम, तोंड आवर!" शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, त्याला कोपरानं ढोसलं.

आशा रत्नागिरीची. मासळी ओळखण्यात तिचा हात कोण धरणार? तिनं कल्ले उचलून पाहिले... लालभडक. आता काय बोलायचं, कप्पाळ! तिनं गुपचूप चार तुकडे घेतले, आणि वळताना त्याच्याकडे एकदा पाहिलंच.

सन चौऱ्याहत्तर. भाईंदरच्या एका कारखान्यात आशा कॉम्प्युटरसाठी कार्डांना भोकं पाडायचं काम करी. कार्डांचे गठ्ठे जीपनं मुंबईच्या मशीनवर जात आणि उत्तर दुसऱ्या दिवशी येई. पण नुसती भोकं पाडत बसणारी ती नव्हे! तिनं स्वतःच एक प्रोग्राम लिहिला होता — शोधणी. गडबड झाली तर मशीननं काय करायचं, हे सांगणाऱ्या जागा दुसऱ्याच्या प्रोग्राममधून ती शोधणी हुडकून काढी. साहेब म्हणाले होते, "हजेरीच्या प्रोग्रामवर चालवून दाखव. शुक्रवारी बरोबर निघाली तर तू प्रोग्रामर. नाहीतर तुझं मशीन बरं आणि तू बरी."

गुरुवारी उत्तर आलं. शून्य!

"शून्य कसं? मी अशा चांगल्या अकरा जागा ठेवल्यात," दारातून आवाज आला. हजेरीचा प्रोग्राम लिहिणारा, मुंबई ऑफिसचा बी. आर. पाटील.

"अगं बाई... घोळवाले!"

"हो, तोच. रविवारी आईला मदत करतो." बाजारातली बोली तो बाजारातच ठेवून आला होता. "काय शोधलंत?"

"एरर हा शब्द. अशा जागांना सगळे तेच नाव ठेवतात."

"सगळे ठेवत असतील —" तो डोळे मिचकावून म्हणाला. "जास्त सांगायला साहेबांची मनाई आहे. जेवणाच्या सुट्टीत तुमचं भोकं पाडायचं मशीन घेऊ का? दोन कार्डं राहिलीत."

दोन बोटांनी टकटक करत बसलेल्या त्याच्या पाठीकडे आशा बघत राहिली. चुकांना हा माणूस काय म्हणत असेल? कोळ्याचा पोरगा... आई घोळ विकते... आणि एकदम तिला हसू फुटलं. नव्या कार्डावर तिनं एररऐवजी इंग्रजी अक्षरांत शब्द उमटवला — घोळ. संध्याकाळच्या जीपनं त्याच्या दोन कार्डांसकट सगळा गठ्ठा रवाना!

शुक्रवारी साहेबांनी कागद उलगडला. "बारा? पाटलांची नोंद अकराची आहे. एक जास्त सापडला म्हणजे शोधणी चुकलीच की, मुली."

आशाची मान ताठच. "माझी शोधणी चुकत नाही, साहेब. नोंद चुकली असेल."

बाळाराम कोपऱ्यात उभा होता. कानापर्यंत लाल. गप्प राहिला असता तर त्याचं काहीच बिघडत नव्हतं. तिचं मात्र सगळंच गेलं असतं.

"शोधणी बरोबर आहे, साहेब," तो म्हणाला. "बारावा घोळ... मी काल घातला."

"कशासाठी?"

"तो... वाचला तर कळेल."

साहेबांनी चष्मा चढवला. "घोळ बारा. कार्ड वाचता आलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून वाच आणि छाप —" ते थांबले, मग एकेक अक्षर लावत म्हणाले, "आशा... सोडणार... नाही."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पाटील, प्रोग्राम हजेरीचा आहे ना? काढा हे!" ते ओरडले खरे, पण मिशीत हसू मावत नव्हतं. "आणि आशा, सोमवारपासून तू प्रोग्रामरच्या टेबलावर. तिथून याच्यावर नीट लक्ष ठेव."

बाहेर व्हरांड्यात बाळाराम चाचरत म्हणाला, "रागावलात? ती दोन कार्डं काढतो मी —"

"काढून इकडे द्या." आशानं हात पुढे केला. "माझ्याजवळ राहतील. आणि आईंना सांगा, रविवारी घोळ राखून ठेवा म्हणावं. बाबांना घेऊन येतेय."

"बाबांना? ते... मासळी बघायला?"

"मासळी मी बघितलीय," आशा म्हणाली. "ते तुम्हाला बघायला येतायत."