धाकट्याचं मनगट

माझी बायको अत्तरं बनवते. स्वयंपाकघरामागच्या खोलीत तिच्या कुप्या, ड्रॉपर आणि गाळायचे कागद असतात. नवं मिश्रण जमलं की त्याचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकायचा, चोळायचा नाही, आणि लगेच एकदा, जरा वेळाने एकदा व संध्याकाळी पुन्हा हुंगायचं, ही तिची पद्धत. कागदाच्या पट्टीवर तिचा विश्वास नाही. "कागदाला ना घाम ना ऊब. अत्तर लावून माणसं हिंडतात, कागद नव्हे," असं ती म्हणते.

इतकी वर्षं ते मनगट माझं होतं. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर घरात माझा दुसरा काही उपयोग उरला होता का, मला खात्री नाही. पण तेवढ्यासाठी तरी ती रोज माझा हात हातात घ्यायची. अत्तर मात्र टिकायचं नाही. माझी कातडी कोरडी. "तुमच्या हातावर थेंब टाकणं म्हणजे टीपकागदावर शाई ओतणं हो," असं हसून म्हणायची, तरी नाक टेकवायचीच.

मग धाकटा भाऊ आमच्याकडे राहायला आला. त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद झालं होतं. बोलका माणूस, कुठेही गेला तरी हवाहवासा. शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा त्याला पाहून उड्या मारायचा. एका दुपारी बायकोने गंमत म्हणून त्याच्या मनगटावर थेंब टाकला. संध्याकाळी तो चहाला बसला तेव्हा वास तसाच होता. तसाच कसला, खुलला होता. सकाळी त्याच अत्तराला माझ्या हातावर नुसता लाकडाचा वास होता. त्याच्या हातावर त्यात ओल्या दगडाचा गारवा आला होता.

"भावजी, कातडी आहे की काय ही!" ती त्याचा हात सोडेना.

"वहिनी, तेलकट म्हणून जन्मभर चिडवलं मला दादाने. आता बस म्हणावं बघत!"

मीही हसलो. हसायलाच हवं होतं.

त्यानंतर ड्रॉपर माझ्याकडे वळला नाही. मी पुस्तकं धुंडाळली. स्निग्ध त्वचा सुगंध धरून ठेवते, उबदार त्वचा तो फुलवते, कोरडीवरून तो लवकर उडतो. मग मी चोरून मनगटाला तेल चोळलं, लोकरीची पट्टी बांधून हात गरम ठेवला. या वयात! काही उपयोग झाला नाही. मागच्या खोलीतून दोघांचं हसू ऐकू यायचं आणि मी तेच पान पुन्हा वाचत बसायचो.

एकदा थेंब लावून धाकटा बाजारात गेला. मी खिडकीपाशी वाचत होतो. पान उलटलं आणि वास आला. लाकूड, ओला दगड. तो परतला असं वाटून मी मागे पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. वास माझ्या मनगटाला होता. मी कुपीला हातही लावला नव्हता.

बायको दारात थबकली. "भावजी आले?" मग जवळ येऊन तिने माझा हात उचलला, नाक टेकवलं. "अगं बाई, तुम्ही?"

किती दिवसांनी तिने माझा हात धरला होता.

"मीच लावलं," मी म्हणालो.

धाकटा आला तेव्हा त्याचं मनगट कोरं होतं. "आज उडालं वाटतं, वहिनी," तो म्हणाला.

पुढे रोज तेच. थेंब त्याच्या हातावर, सुगंध माझ्या. मग त्याचा साबण माझ्या अंगाला येऊ लागला. त्याच्या केसांचं तेल, उन्हातून आल्यावरचा त्याचा घाम. शेजाऱ्यांचा कुत्रा त्याला ओलांडून माझ्याकडे धावू लागला. बायको दिवसभर माझ्या आसपास असायची. त्याला चहा द्यायचं ती विसरायची. मी आठवण करून देत नसे.

"दादा," एका सकाळी तो हळूच म्हणाला, "उशीला माझा वासच येत नाही रे. तुला येतो का?"

"वयाने नाक मंदावतं," मी म्हणालो.

काल दुपारी आम्ही तिघं टेबलापाशी बसलो होतो. बायको माझं मनगट हुंगत होती.

"वहिनी, जरा पाणी देता?"

तिने मान वर केली. थेट त्याच्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोणी बोललं का?"

धाकटा माझ्याकडे बघत होता.

"नाही," मी म्हणालो.

तो उठला. खुर्ची सरकली. पावलं वाजली नाहीत.

बायकोने डोळे मिटून माझा हात दोन्ही हातांत घेतला. इतक्या मायेने तिने तो कधीच घेतला नव्हता.

"भावजी," ती म्हणाली, "ह्यांना हाक मारा ना जेवायला. सकाळपासून कुठे दिसले नाहीत."