कुत्र्याचा वाटा

मंगळवारी दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झालं. घड्याळ बघूनच मी बानूला औषध पाजलं होतं, म्हणून वेळ पक्की सांगते.

बानू माझी लेक, सहा वर्षांची. तिच्या लिव्हरमधून पाण्याच्या गाठी काढून आठ दिवस झाले होते. पोटातून नळी, नळी खाटेखालच्या बाटलीत. गाठीच्या जागेतून हिरवं पित्त गळत होतं, ताप उतरत नव्हता. "जेवढं बाहेर येईल तेवढं बरं," म्हणत वच्छला सिस्टरनी बाटलीवर पेनानं रेघ मारली.

लाईट गेली. पंखा थांबला. मग खाटेखालून आवाज आला... लप्, लप्. ओल्या केसांचा वास सुटला.

वाकून बघितलं. कुणी नाय. पण पित्त रेघेच्या चार बोटं खाली.

बानू डोळे मिटूनच बोलली, "आई, चित्र्याला हाकल... त्याचं पोट भरत नाय."

चित्र्या आमचं मेंढरांमागचं कुत्रं. गावाकडं पिशोरला, दिवाळीतच मेलं.

"बाटली कुणी ओतली?" सिस्टर.

"कुणी नाय."

"मग काय, पिलं कुणी?"

डॉक्टरांनी माझ्या सासऱ्यांना, सांडूमामांना, बजावलं होतं: मेंढ्याच्या कलेजीत पाण्याच्या गाठी निघाल्या तर कुत्र्याला टाकू नका. त्यानंच कुत्र्याला जंत होतात, अन् कुत्र्याकडून लेकरांना. मामा हसले होते. "राखण करतंय, त्याचा वाटा हाय तो."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पोरी, बानूसाठी नवस बोललेला मेंढा कापला."

"कलेजी?"

"पाण्यानं भरली व्हती. टाकली कुत्र्याला."

"किती वाजता?"

"पावणेतीन असतील."

"कोणत्या कुत्र्याला, मामा? चित्र्या तर मेला."

मामा हळूच बोलले, "...त्योच आला. हाक मारायच्या आधी."

सासऱ्यापुढं कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी सगळा वॉर्ड ऐकत होता. "तुमच्या नवसात माझी लेक गेली असती," मी म्हणाले. "परत वाटा दिला तर बानूला घेऊन माहेरी जाईन."

एकविसाव्या दिवशी नळी निघाली. बानू घरी आली. परवा मेंढा कापला, तशीच कलेजी निघाली. मामांनी मुकाट्यानं पुरली, वर दगड ठेवला. सकाळी दगड बाजूला, माती उकरलेली. अन् झोपलेल्या बानूचा गाल ओला.

तुमच्या ओळखीत ज्याच्याकडं मेंढरं असतील त्याला एवढं सांगा. कुत्र्याला देऊ नका, पुरा. अन् खड्डा कमरेएवढा घ्या. आम्ही गुडघ्याएवढाच घेतला होता.