मेसिनीत जेवलेला पाहुणा

सकाळपासून पांतेलिसनं एकाही गोष्टीला बरं म्हटलं नव्हतं.

कलामाताहून निघताना गाडीतला एसी गार नाही म्हणाला, मग फारच गार आहे म्हणाला. वाटेत बेकरीसमोर गाडी थांबवायला लावली आणि तेलात तळलेल्या कणकेच्या लालांग्या पिशवीभर घेतल्या. "आमच्या टोरांटोत कॉर्नरला एक लेडी करते, तिच्या जास्त क्रिस्पी असतात," असं म्हणत म्हणत पिशवी रिकामी केली. पाय पसरायला हवेत म्हणून तो मागच्या सीटवर बसला होता. तेलकट बोटं त्यानं सीटलाच पुसली. एवांथियानं ते आरशात पाहिलं.

हा तिचा थोरला दीर. तरुणपणी जो कॅनडाला गेला तो आत्ता म्हातारपणी उगवला होता. तिचा नवरा सोतिरिस अथेन्सच्या बसवर ड्रायव्हर. त्याची आज पाळी होती, मुक्कामही तिकडंच.

"एकुलता एक भाऊ आहे गं माझा," तो पहाटे बूट चढवताना म्हणाला होता. "त्याला जुनी मेसिनी बघायचीय. एक दिवस काढ."

"काढ म्हणजे? दात आहे का तो?"

सोतिरिस हसत निघून गेला होता. त्याला काय जातंय हसायला!

मावरोमाती गावात, झऱ्याजवळ तिनं गाडी लावली. गाव डोंगराच्या उतारावर, आणि खालच्या खोऱ्यात जुनं शहर उघडं पडलेलं: नाट्यगृह, बाजार, देवळांचे चौथरे, पार टोकाला खेळांचं मैदान. एवांथिया शाळेत गणित शिकवायची. मुलांच्या सहली घेऊन ती इतक्यांदा इथं आली होती, की तिला आता या दगडांकडं बघताना फक्त कुठला मुलगा कुठून पडला होता तेवढं आठवायचं.

पांतेलिसनं आधी कॉफी मागवली. कॉफी कडू. मग टोमॅटोत परतलेली अंडी मागवली. अंडी पातळ. सोबतचं चीज खारट. तरी पावाच्या तुकड्यानं ताटली अशी लख्ख पुसली, की धुवायची गरज उरली नाही.

"भाऊजी, ऊन चढायच्या आत खाली जाऊन येऊ या का?"

"चढायचं ते ऑलरेडी चढलंय. तू काल सांगायचंस लवकर निघू म्हणून."

तिनं काल तीनदा सांगितलं होतं.

खाली उतरताना त्याला पायवाट खडबडीत वाटली, पाट्यांवरची अक्षरं बारीक वाटली. नाट्यगृहात मात्र तो थेट मधोमध जाऊन उभा राहिला आणि तिला वरच्या पायऱ्यांवर पिटाळलं. "ऐकू येतंय का बघ!" म्हणाला. ती धापा टाकत वर गेली, बसली. त्यानं टाळी वाजवली. ती अगदी कानाशी वाजली.

"ही प्लेस नीट क्लीन का करत नाहीत गं?" खालून तो पुटपुटला. तेही कानाशी आलं.

मग तो एकदम मान वळवून बाजाराच्या दिशेला बघू लागला.

"काय झालं?" तिनं वरून विचारलं.

"मला कुणी बोलावलं?"

"नाही, भाऊजी. कुणीच नाहीये इथं."

"जेवायला बोलावतंय कुणीतरी."

"गावातलं ऐकू येत असेल," ती म्हणाली. पण बोलता बोलता तिलाही वास आला. नुकत्याच भाजलेल्या पावाचा, आणि रानातल्या ओव्यावर भाजलेल्या मांसाचा. वरच्या खानावळींचा असणार, असं तिनं ठरवलं. मग तिच्या लक्षात आलं, की वारा खालून येतोय, समुद्राकडून. खाली तर एक घर नव्हतं.

मैदानापर्यंत पोचेस्तोवर एवांथियाचे पाय भरून आले. पांतेलिस तिच्या पुढं चालला होता. हा माणूस, जो गाडीपासून दाराशी येताना दोनदा थांबायचा!

"मी इथं सावलीत बसते," ती म्हणाली. "तुम्ही शेवटचे खांब बघून या. आणि पाणी प्या."

"पाणी कोमट झालंय," तो न वळता म्हणाला. खांबांच्या रांगेमागं त्याची पांढरी टोपी दिसेनाशी झाली.

ओकच्या झाडाखाली तिनं चपला काढल्या. झाडांवरचे किडे कानठळ्या बसतील इतके किरकिरत होते. तिला वाटलं, निदान दहा मिनिटं तरी कुणी काही बोलणार नाही. डोळे मिटून ती ते सुख घेत राहिली. बऱ्याच वेळानं तिला जाणवलं, की किडेही थांबलेत. पान हलत नव्हतं. मैदानाच्या टोकाकडून भांड्यांचा बारीक आवाज येत होता, पंगत उठताना येतो तसा.

ती चपला हातात घेऊनच उठली. पण तेवढ्यात पांतेलिस खांबांमधून बाहेर आला. सावकाश, हात मागं बांधून. डोक्यावर टोपी नव्हती. किडे पुन्हा सुरू झाले.

"कुठं होता इतका वेळ?"

"जेवलो."

"जेवलात? कुठं?"

"त्यांच्याकडं." त्यानं मागं हात केला. "फार आग्रह केला गं त्यांनी. नाही कसं म्हणायचं?"

त्याच्या ओठांना तेलाची चकाकी होती. एवांथिया तडक खांबांपाशी गेली. सहलीच्या लोकांनी काही मांडलं असेल, उरलेलं असेल, कागद तरी पडले असतील. काही नव्हतं. दगड होते, वाळकं गवत होतं. एका चपट्या दगडावर पेल्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटलेलं होतं. तिच्या डोळ्यांदेखत ते उन्हात वाळून गेलं.

"टोपी कुठंय तुमची?"

"असू दे," तो हसून म्हणाला. "ऊन छान आहे."



वर गावात लांब्रिनीच्या खानावळीत तिनं आधीच टेबल सांगून ठेवलं होतं. गच्चीवरचं, खालचं सगळं शहर दिसेल असं. संत्र्याच्या सालीचा वास असलेलं मुरवलेलं डुकराचं मांस आलं, तळलेले बटाटे आले, भाजी आली, चीज आलं. पांतेलिसनं कशालाच हात लावला नाही.

"भाऊजी, बटाटे मऊ पडलेत का?"

"छान दिसतायत."

"चीज खारट असेल हां हे."

"असेल तसं चांगलंच असेल, पोरी."

पोरी! आजवर त्यानं तिला एकतर नावानं हाक मारली होती, नाहीतर 'ए' म्हणून. आणि बोलताना तो दर चार शब्दांमागं जो इंग्रजी शब्द पेरायचा, तो मघापासून एकही आला नव्हता.

लांब्रिनी ताटं उचलायला आली. "आवडलं नाही का साहेबांना?"

"पोट भरलंय. तुझ्या हाताला यश येवो," तो म्हणाला. लांब्रिनी हरखून गेली. "किती गोड पाहुणा मिळालाय तुला!" ती एवांथियाच्या कानात म्हणाली.

एवांथियानं उठून कठड्याशी जाऊन सोतिरिसला फोन लावला.

"तुझा भाऊ तक्रार करत नाहीये."

"मग चर्चमध्ये मेणबत्ती लाव!" पलीकडं सोतिरिस खदखदून हसला. "अगं, गावची हवा लागली त्याला. ठेवतो, गाडी सुटतेय."

ती फोन हातात धरून खाली बघत राहिली. नाट्यगृह भर उन्हात रिकामं होतं.

आणि तिथून आवाज आला. पुसट, पण ओळखीचा. वैतागलेला.

"एवांथिया! अगं, किती वेळ थांबायचं माणसानं?"

तिनं वळून पाहिलं. पांतेलिस टेबलाशी बसला होता, हात मांडीवर, तोंड मिटलेलं.

"तिथं दगडांत आवाज फिरत राहतो, पोरी," तो म्हणाला. "थांबेल."

ती धावली. उतारावर दोनदा घसरली, गुडघा फुटला. नाट्यगृहाच्या मधोमध उभं राहून तिनं जीव खाऊन हाका मारल्या. "भाऊजी! पांतेलिस भाऊजी!" तिचाच आवाज पायऱ्यांवरून तिच्याकडं परत आला. मैदानात गेली, खांबांमागं बघितलं, देवळाच्या चौथऱ्यांवरून फिरली. फाटकावरचा रखवालदार मागं आला.

"बाई, कुणाला शोधताय?"

"माझ्या दिरांना."

"ते काय, वर उभे आहेत." त्यानं गावाकडं बोट केलं. गच्चीच्या कठड्याशी पांतेलिस उभा होता. त्यानं हात हलवला.

काय सांगणार होती ती? कुणाला?

परतीच्या वाटेवर तो पुढं, तिच्या शेजारी बसला. तिनं एसी बंद ठेवला. काचा लावल्या. गाडी भट्टीसारखी तापली. तो काही म्हणाला नाही. तिच्या अंगाला घामाची धार लागली होती. त्याचं कपाळ कोरडं होतं.

"बोला ना काहीतरी," ती अखेर ओरडली. "शिव्या द्या!"

"तू दमलीस," तो मायेनं म्हणाला.

घरी पोचले तेव्हा अजून ऊन होतं. तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. टेबलावर सकाळी विसरून राहिलेला त्याचाच फोन वाजू लागला. त्यानं फोनकडं कौतुकानं पाहिलं, पण उचलला नाही. एवांथियानं उचलला. टोरांटोहून त्याची मुलगी.

"काकू, बाबांना दे ना."

तिनं फोन त्याच्या कानाशी धरला. मुलगी इंग्रजीत काहीतरी लाडानं बोलली. तो ऐकत राहिला, मग त्यानं मान हलवली.

"कुठली भाषा ही?" त्यानं एवांथियाला विचारलं.



एवांथियानं फोन काढून घेतला आणि गॅलरीत गेली. मागं दार ओढून घेतलं.

"काकू," मुलीचा आवाज बारीक झाला होता. "हे कोण बोललं? बाबा कुठं आहेत?"

एवांथियानं काचेतून आत पाहिलं. तो पाठमोरा बसला होता.

"झोपलेत," ती अगदी हळू म्हणाली. "उन्हानं दमलेत. शेजारचे आजोबा आलेत. उद्या बोल त्यांच्याशी."

फोन बंद करून ती दाराशी नुसतीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं आत आली.

तो वळला नाही.

"बरं केलंस, पोरी," तो म्हणाला.